वंशावळीतला ठिपका

मल्लिनाथ बिराजदारने कैफियत, म्हणजे आमच्या दाव्याला लेखी उत्तर, दाखल केली मंगळवारी, आणि शुक्रवारी सकाळी ती अख्ख्या जगाला वाचता येणार होती. मधे दोन दिवस. आता मला सांगा, दिवाणी कोर्टात दोन दिवसांत काय होतं? साधी तारीख मिळत नाही हो!

खुल्या न्यायाचा नियम आला त्याला आता सहा-सात वर्षं झाली. कोर्टात पडलेला प्रत्येक कागद तीन दिवसांत लोकांसाठी खुला. दावा, कैफियत, अर्ज, रोजच्या कामाची नोंद म्हणजे रोजनामा, सगळं, अगदी जुनं दप्तरसुद्धा. या नियमासाठी मी स्वतः उन्हातान्हात घसा फोडलाय, कारण त्याआधी पक्षकाराला स्वतःच्याच निकालाची नक्कल काढायला दहा उंबरे झिजवावे लागायचे. शिवाय लोकांची अब्रू चव्हाट्यावर येऊ नये म्हणून सरकारने 'पडदा' नावाचं यंत्र बसवलं. कागद खुला होण्याआधी त्यातून जातो. नाव, गाव, वय, जमिनीचा गट नंबर, जुन्या खटल्याचा नंबर, जे जे माणसाकडे बोट दाखवेल त्यावर काळी पट्टी. पडदा एकही नाव सोडत नाही, हे मी शपथेवर सांगते. नावांच्या बाबतीत तो माझ्या सासूबाईंपेक्षा सोवळा आहे.

बुधवारी मी ऑफिस उघडतेय तोच महादेवीबाई आल्या. महादेवी बिराजदार म्हणजे माझी अशील. साठीची बाई, नवरा गंगाधर वारल्यावर पुतण्याने बाजारातलं गोदाम आणि हायवेची जमीन गिळंकृत केली म्हणून त्यांनी आणि त्यांची मुलगी नीलांबिका हिने वाटणीचा दावा लावलेला. पुतण्या म्हणजेच हा मल्लिनाथ.

त्या बसल्या नाहीत. "बाई, त्यानं नीलूचं लिहिलंय वो," म्हणाल्या. "कोर्टाच्या कागदात लिहिलंय. आता माझी शिवा जगत नाही."

"बसा आधी. आणि शिवा म्हणजे कोण, शिवलीला? तुमची नणंद?"

त्यांनी दार लावून घेतलं आणि मग सांगितलं. मीही पहिल्यांदाच ऐकत होते. शिवलीला पंधरा वर्षांची असताना गावातल्या एका बड्या धेंडाने तिच्यावर अत्याचार केला. खटला झाला, त्याला शिक्षा झाली, निकालपत्रात कायद्याप्रमाणे तिचं नाव कुठेही आलं नाही. तिला मूल झालं ते थोरल्या भावाने, गंगाधरने, दत्तक घेतलं. तीच नीलू. दत्तकपत्र रीतसर नोंदवलेलं, नीलूला सगळं माहीत, ती शिवलीलाला आत्याच म्हणते. शिवलीला पुढे शिकली, लग्न झालं, आज लांबच्या एका गावात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे. नवऱ्याला माहीत आहे. सासरच्यांना नाही, तिच्या दोन मुलांना नाही, शाळेला तर नाहीच.

"पण बाई, नाव तर झाकतात ना?" मी म्हटलं. बोलले आणि मला एकदम वंशावळ आठवली.

वाटणीच्या दाव्यात पहिल्या परिच्छेदातच वंशावळ काढतात. वर मूळ पुरुष, त्याखाली मुलगे, त्याखाली नातवंडं. त्यावरून हिस्से ठरतात. पडदा त्यातली नावं झाकतो, पण नावांच्या जागी उरलेले ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा झाकता येत नाहीत. त्या झाकल्या तर कुणाला तिसरा हिस्सा आणि कुणाला सहावा, हे समजणारच नाही, आणि समजलं नाही तर खुला न्याय कसला?

आणि याच ठिपक्यांवर 'मेळ' जगतो. मेळ हे लग्नं जुळवणाऱ्यांचं बाळ. स्थळ खरं सांगतंय की लपवतंय हे बघायला काढलेलं, आता प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं. त्याला नावाची गरजच नाही. तो कुटुंबाचा नुसता आकार बघतो. आजोबांना मुलगे किती, त्यातला कोण आधी गेला, कुणाला मूल नाही, कुणाच्या पोटी एकच मुलगी. दोन पिढ्यांपर्यंत हजारो घरं सारखी दिसतात, तिसऱ्या पिढीला ती मूठभर उरतात, आणि चार पिढ्या मिळाल्या की घर एकच. पानं सगळी झाकलीत तरी फांद्यांवरून बाभूळ की लिंब हे गुराख्याला कळतंच की. उरलेलं काम आपण सगळ्यांनीच करून ठेवलंय. कुणी वारलं की आपण पेपरात काय छापतो? 'त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगी, एक विवाहित बहीण, पुतण्या असा परिवार आहे.' गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या अशा निधनवार्ता मेळने पोटात घातल्या आहेत. नुसत्या मजकुरातूनही तो नाती वेचतो आणि झाड उभं करतो.

मी माझ्याच दाव्यातली झाकलेली वंशावळ मेळला दाखवली. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत उत्तर आलं. बिराजदार, गावासकट, खाली गंगाधररावांची निधनवार्ता फोटोसह.

आणि हे झाड मीच चार पिढ्यांचं काढलं होतं! या दाव्याला दोन पिढ्या पुरल्या असत्या. पण माझे गुरू म्हणायचे, मूळ पुरुषापासून सुरुवात नसेल तो वाटणीचा दावाच नव्हे. जुन्या वळणाचे आम्ही सगळे दिवाणी वकील असेच, पणजोबाला उठवून आणल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. महिनाभर ते झाड उघड्यावर होतं. आता मल्लिनाथने तेच झाड पुन्हा काढलं होतं, फक्त एक ठिपका हलवून. नीलूचा ठिपका गंगाधरच्या खालून काढून शिवलीलाच्या खाली. वर एक वाक्य, की ही मुलगी अमुक फौजदारी खटल्यातल्या पीडितेची. 'अमुक'वर पट्टी पडली असती, पण त्या जुन्या निकालातही लिहिलेलंच होतं, की पीडितेला दोन थोरले भाऊ, थोरल्याला मूलबाळ नाही, बाळ त्याने घेतलं. दोन झाडं शेजारी ठेवा, मेळ तिसरा कागद, तो जुना निकाल, आपोआप आणून देतो. शिवलीलाचं नाव त्या खटल्याला कायमचं चिकटणार.

"कायद्याने नीलूचा हक्क जात नाही," मी महादेवीबाईंना म्हटलं. "दत्तक मुलगी ती मुलगीच. मग हा गाढव हे लिहितोय कशाला?"

"ते तो सांगणारच आहे. खाली थांबलाय."

खरंच थांबला होता. चहाच्या टपरीपाशी, पांढऱ्या बुटांत. मला बघून हात जोडले. "नमस्कार मॅडम. काकूंना समजवा तुम्ही. मला तरी कुठे हौस आहे आत्याची बदनामी करायची? घरचीच आहे ती. काकूंनी आणि नीलूने दावा काढून घ्यावा, मी उद्याच कैफियत मागे घेतो. खुली व्हायच्या आत मागे घेतली तर कुणाला दिसत नाही, विचारलंय मी."

"मेल्या, शिवानं तुला अंगाखांद्यावर खेळवलं ना रे!" महादेवीबाई ओरडल्या. टपरीवरचे सगळे वळून बघायला लागले.

"काकू, हळू. झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्हीच म्हणायच्या की नाही?"

मी त्याला म्हटलं, "मल्लिनाथराव, याला खंडणी म्हणतात."

"कैफियत म्हणतात मॅडम. खरं लिहिलंय मी. खोटं असेल तर खोडून काढा ना कोर्टात."

माझ्या हातात कप होता. तो मी त्याच्या बुटांवर ओतला नाही, याचं आजही मला वाईट वाटतं.

दुपारी आम्ही शिवलीलाला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मागे शाळेची घंटा झाली, मुलींचा गलका ऐकू आला. मग म्हणाली, "वैनी, नीलूचा हिस्सा सोडायचा नाही. मी राजीनामा देते, आम्ही दुसरीकडे जाऊ."

"कुठं जाशील गं? मेळ काय फक्त तुझ्या गावात चालतो?"

"मग काय करू? मुलांना काय सांगू? थोरला दहावीला आहे वैनी, त्याच्या वर्गातली पोरं..." महादेवीबाईंनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सही करते मी. आणा कागद. नीलू पण करेल, ती आईवर गेलीय."

मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत थांबा. मी अर्ज टाकते. नाही जमलं तर मीच कागद टाइप करून देते." तातडीचा अर्ज टाकला, की ही कैफियत खुली करू नये, वंशावळ सीलबंद ठेवावी.

संध्याकाळी मी पुरावा शोधायला बसले. आकारावरून माणूस ओळखता येतो हे कोर्टाला दाखवायचं तर कुणाचं तरी झाड लागणार. बिराजदारांचं दाखवलं तर मीच शिवलीलाला चव्हाट्यावर आणल्यासारखं. मग मी काय केलं? मल्लिनाथचे वकील तोडकर यांचं झाड घेतलं. त्यांच्या वडिलांची निधनवार्ता होतीच. मेळने ती झाकलेल्या कागदांशी ताडली आणि एक अर्ज समोर आला. तोडकरांच्या धाकट्या भावाचा, नादारीचा, म्हणजे दिवाळं निघाल्याचा, त्यात दारू, मारहाण, सगळं. मी तो टॅबलेटवर काढून ठेवला. मजा आली, खोटं कशाला बोलू? म्हटलं, उद्या बघतेच यांच्याकडे.

गुरुवारी कोर्टात सावरगावे साहेब. तरुण न्यायाधीश, शांत, भाषा गोड. ज्या गोड भाषेत ते अर्ज नामंजूर करतात तिची आम्हा वकिलांना धास्ती आहे.

"मॅडम, कैफियतीत नाव कुठे दिसतंय मला दाखवा," ते म्हणाले.

"नाव नाही साहेब. पण ठिपके आहेत."

"ठिपके म्हणजे ओळख नव्हे. नियमात लिहिलंय, नाव, पत्ता, वय, क्रमांक. हे झाकलं की पडदा पुरा."

"साहेब, मला तुमच्या चेंबरमध्ये दाखवू द्या. बंद दाराआड."

"बंद दाराआडची सुनावणी नव्या नियमाने गेली, तुम्हाला माहीत आहे. किंबहुना तुम्हीच मोर्च्यात होता असं ऐकलंय." थोडं हसले. "जे दाखवाल ते इथे, सगळ्यांसमोर, आणि ते रोजनाम्यात येणार. बिराजदारांचं दाखवायचं का?"

मागे महादेवीबाई बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली, नको नको म्हणून. त्यांच्या मागच्या बाकावर मल्लिनाथ पाय पसरून बसला होता.

तोडकर उठले. "साहेब, मॅडमचा युक्तिवाद हवेतला आहे. मेळ लग्नाच्या स्थळांसाठी ठीक आहे. कोर्टाच्या झाकलेल्या कागदावरून माणूस ओळखून दाखवावा ना! कुणाचाही. माझा दाखवा, माझं काही लपलेलं नाही." आणि बसता बसता हळूच मला म्हणाले, "पाणी घ्या मॅडम. तोंड सुकलंय तुमचं." बाटली माझ्याकडे सरकवली.

टॅबलेट माझ्या हातात होता, त्यांच्या भावाचा अर्ज उघडलेला. एक बोट लावलं असतं की काम झालं असतं. पण बाटलीचं झाकण त्यांनी उघडून दिलं होतं. माणूस इतका बावळट चांगला असतो का कधी? आणि त्यांचा भाऊ या दाव्यात कोण? त्याने काय घोडं मारलं होतं माझं? मल्लिनाथ शिवलीलाचं जे करत होता तेच मी करायला निघाले होते. मला स्वतःचीच किळस आली.

मी तो कागद बंद केला. म्हटलं, "साहेब, मी माझं दाखवते."

कोर्टातल्या मोठ्या स्क्रीनवर मी माझ्या वडिलांची निधनवार्ता लावली. निवृत्त स्टेशनमास्तर, मागे पत्नी, तीन मुली, एक मुलगा, दोन जावई. नावं मी स्वतः झाकली. फक्त ठिपके ठेवले. मेळला सांगितलं, राज्यातल्या सगळ्या झाकलेल्या कागदांत हे घर शोध.

शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. विवाह रद्द करण्याचा अर्ज. दुसऱ्या जिल्ह्यातला, फार जुना. वर काळ्या पट्ट्या, खाली मजकूर.

साहेबांनी शिरस्तेदारांना वाचायला सांगितलं. ते वाचू लागले. "जाबदेणार ही स्टेशनमास्तरांची मधली मुलगी असून विवाहानंतर तिला मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. उभयतांना झालेली कन्या ही सहा महिन्यांची असताना जाबदेणार हिच्या निष्काळजीपणामुळे, तिच्या हातून पडून..."

ते थांबले. चष्मा काढला.

"पुरे," साहेब म्हणाले.

"नाही साहेब, वाचू द्या. रोजनाम्यात यायला हवं, नाहीतर उद्या म्हणाल पुरावा अपुरा होता." माझा आवाज चढला होता. "मी वाचते. 'हातून पडून दगावली.' हे खोटं आहे. ती तापाने गेली. तीन दिवस ताप उतरला नाही. दवाखान्याचे कागद होते, मी दाखल केले होते, नवऱ्याने शेवटी अर्ज काढून घेतला. पण त्याने लिहिलेलं राहिलं ना! कोर्टाच्या कागदात माणसं रागाने काहीही लिहितात साहेब. नाव झाकलं म्हणून आपण निश्चिंत होतो. या खोलीत आता एकही माणूस असा नाही, ज्याला ती बाई कोण हे कळलेलं नाही. मी ठिपक्यांशिवाय काही दिलं होतं का?"

बारमधले पंचवीस वर्षांचे माझे सोबती मागे उभे होते. मी कडक, मी भांडखोर, मी कुणाला भीक घालत नाही असं सांगत फिरणारे. ते खाली बघत होते.

तोडकर उठले. "साहेब, अर्जाला आमची हरकत नाही."

"ओ वकीलसाहेब!" मल्लिनाथ मागून ओरडला.

"खाली बसा हो!" तोडकर त्याच्यावर खेकसले.

साहेबांनी तिथेच आदेश सांगितला. वंशावळ आणि तिच्यासोबतचा परिच्छेद सीलबंद, आधीच्या दाव्यातली वंशावळही आजच उतरवायची, पडद्याने यापुढे या प्रकरणात कुटुंबाचा आकारही झाकायचा. ठिपका हलवून कुणाला घाबरवायचं हत्यार मल्लिनाथच्या हातातून गेलं. हा आदेश एकाच दाव्यापुरता होता, बाकीच्या हजारो घरांची झाडं तशीच उघडी राहिली. पण शिवलीलाचं झाकलं गेलं.

महादेवीबाई बाहेर आल्या आणि मला मिठीच मारली, कोर्टाच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत. "बाई, तुमचं लेकरू..." एवढंच म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, "रडू नका. शिवलीलाला फोन करा आधी. राजीनामा फाडायला सांगा."

आदेश म्हटला की त्याला कारणं लागतात. कारणांसकट रोजनामा शुक्रवारी खुला झाला. 'सदर वकिलांनी स्वतःच्या कुटुंबावरून प्रात्यक्षिक दाखवले.' पुढे सगळं. गावभर व्हायला दुपार पुरली.

माझा मुलगा अन्वय पुण्यात शिकतो. दुसऱ्या लग्नाचा. त्याच्या वडिलांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं, त्याला काहीच नव्हतं. सांगू सांगू म्हणत वर्षं गेली. गुरुवारी रात्री सांगायचं ठरवलं होतं, फोन उचललाही होता, धीर झाला नाही. म्हटलं रविवारी येईलच तो, समोर बसवून सांगेन.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई."

"बोल रे. जेवलास?"

"आई, ते खरंय का?"

"कोणतं?"

"हातून पडून."

पंचवीस वर्षं मी साक्षीदारांना उलटसुलट प्रश्न विचारत आले. माझ्याच पोराने मला विचारलेला हा प्रश्न, आणि मला कळेना हे कसं सिद्ध करू. दवाखाना बंद पडला, डॉक्टर गेले, कोर्टाने परत दिलेले कागद कुठल्या कुठे गेले. उरलाय तो फक्त पहिल्या नवऱ्याचा अर्ज.

"नाही," मी म्हटलं. "तापाने गेली. माझ्या मांडीवर."

मी वाट बघत राहिले, निकालाची बघावी तशी.

"मी विचारायलाच नको होतं," तो शेवटी म्हणाला. "आई, मी निघतोय. रविवारची वाट बघत नाही." मग थोडं थांबून, "तिचं नाव काय होतं? कागदात सगळीकडे पट्टीच आहे."

मी त्याला नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.